जोसेफची हजेरी

कसबा बावडा
बुधवार, दुपार

प्रिय आई,

शुक्रवारी मृतांचा दिवस. चर्चमधून नावांचा कागद आलाय, दरवर्षीसारखाच, वर क्रूस आणि खाली आखलेल्या रेघा. घरातल्या गेलेल्यांची नावं लिहून द्यायची, मग फादर मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी तो कागद वेदीवर ठेवतात. मी पपांचं नाव लिहिलं. मग तुझं लिहिलं, पहिल्यांदाच. तिसऱ्या रेघेवर हात थांबला तो थांबलाच. शेवटी कागद बाजूला सारला आणि तुला पत्र लिहायला बसले.

सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते. मार्टिन आणि लीनाला पाठवायचं की घरीच शिकवायचं, हे त्याआधी ठरायला हवं. अंतोनचं ठरलंय, माझं ठरत नव्हतं. आणि आज सकाळी अंथरुणातून उठता उठता मार्टिन म्हणाला, "मम्मी, गळा दुखतोय."

हे ऐकून तुला काय झालं असतं ते मला माहीत आहे. मलाही तेच झालं. हातातला तवा मी चुलीवर ठेवला की खाली, तेसुद्धा आठवत नाही.

तू मार्चमध्ये गेलीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये मार्टिनच्या वर्गातली एक मुलगी घटसर्पाने गेली. दोन वेण्या घालायची, मार्टिनच्या पुढच्या बाकावर बसायची. शाळेने चार दिवस सुट्टी दिली, बाकं धुऊन घेतली, डॉक्टरांना बोलावून प्रत्येक मुलाचा घसा तपासला. पाचव्या दिवशी सगळ्यांची मुलं परत गेली. माझी गेली नाहीत.

अंतोनला म्हटलं, आठ दिवस थांबू. आठाचे पंधरा झाले, गणपती झाले, सहामाही परीक्षा बुडाली. शाळेतून सिस्टर येऊन गेल्या, त्यांना मी सरबत दिलं आणि उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली चटई टाकली, भिंतीला काळा रंग देऊन फळा केला. फाटकाच्या आत हातभर जागा सोडून खडूने रेघ मारली आणि मुलांना सांगितलं, ह्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. सांगून वळले आणि मला तुझी रेघ आठवली. तुझी गेरूची होती.

खरं सांगू का आई? मुलं घरी छान शिकली. शाळेत एका वर्गात साठ डोकी, तिथे लीनाला कोण विचारत होतं? ती आता जोडाक्षरं वाचते. मार्टिन पंधराचा पाढा न अडखळता म्हणतो. मीच त्यांच्याकडे बघून खूश व्हायची आणि मनात म्हणायची, काय वाईट आहे ह्यात? शिकवायची हौस माझ्यात आली कुठून, तुझ्यातूनच ना!

तू तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली शिकवायचीस. पत्र्याची ट्रंक आडवी टाकून तिचं टेबल, त्यावर तुझी छडी. ती तू एकदाही वापरली नाहीस. गुंजांनी बेरीज शिकवलीस. राधानगरीची एसटी घेऊन पपा निघाले की वाटेत कुठली गावं लागतात ते म्हणायला लावून भूगोल शिकवलास. बायबलमधल्या गोष्टी सांगताना योनाच्या माशाचा आवाज काढायचीस आणि बेनी पोट धरून हसायचा. हे सगळं मी विसरलेले नाही.

पण शाळा सुरू व्हायची ती हजेरीने. निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीन नावं. "मोनिका?" मी म्हणायची, हजर. "बेनेडिक्ट?" बेनी म्हणायचा, हजर. मग तू जरा थांबायचीस, चष्मा नीट करायचीस आणि हाक मारायचीस, "जोसेफ?"

आणि बेनीने उठून उभं राहायचं आणि परत म्हणायचं, हजर.

आपला थोरला जोसेफ आठ वर्षांचा होऊन गेला तेव्हा मी साडेपाचची होते आणि बेनी तीन वर्षांचा. त्या जूनमध्ये माझं नाव शाळेत घालायचं होतं, ते तू घातलं नाहीस. आम्हाला इतकंच सांगितलंस की त्या शाळेने तीन पोरं खाल्ली. तीन, एकाच आठवड्यात, एकाच वर्गातली. मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की शाळेला दात असतात असंच मला वाटायचं. जोसेफ कुठे गेला म्हणून विचारलं की तू म्हणायचीस, तो गेलेला नाही, तो देवापाशी आहे, म्हणजे आपल्यातच आहे. आपल्या धर्मात ते खोटं नाही. पण म्हणून कुणी हजेरी घेतं का गं?

पपांनी एकदा नोव्हेंबरच्या यादीत त्याचं नाव लिहिलं होतं. तू कागद ओढून घेतलास. म्हणालीस, तो देवदूत आहे, त्याला कुणाच्या प्रार्थनेची गरज नाही. पपा गप्प बसले. ते तुझ्यापुढे नेहमीच गप्प बसायचे, आणि ह्या बाबतीत मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा मात्र ते गप्प बसले नाहीत. ड्युटी बदलून घेतली आणि आम्हा दोघांना हाताला धरून शाळेत घेऊन गेले. तू दारातसुद्धा आली नाहीस. माझं निभावलं. मी भांडखोर, मला पोरींनी आठवड्याभरात आपल्यात घेतलं. बेनीचं काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही, आज सांगते.

पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. त्यांनी बेनेडिक्ट म्हणून हाक मारली तेव्हा तो बसूनच राहिला. वर्गात जोसेफ नावाचा दुसरा एक मुलगा होता. त्याचं नाव आलं तसा बेनी ताडकन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, हजर. सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुढे कितीतरी दिवस मुलं त्याला जोसेफ म्हणूनच हाका मारायची आणि तो ओ द्यायचा.

आज तो एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. बाहेर गिऱ्हाइकांपुढे बसत नाही, आत डार्करूममध्ये असतो, लाल दिव्यात, दार लावून. मालक म्हणतो, त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. तीस वर्षांचाही झाला नाही आई, आणि दुपारी उन्हात आला की डोळ्यांवर हात धरतो. लग्नाचं काढलं की कपडे वाळत घालायला गच्चीवर जातो.

तुझं शेवटचं वर्ष तू आमच्याकडे काढलंस. तुझ्या अंगात त्राण नव्हतं, पण दुपारी मुलांना घेऊन बसायचीस. मी भाकरी थापत असायची आणि आतून तुझा आवाज यायचा. "मार्टिन? लीना?" मग जरा थांबून, "जोसेफ?" आणि माझा मार्टिन कौतुकाने ओरडायचा, हजर! मी ऐकलं. मी ऐकलं आणि पीठ मळत राहिले. म्हटलं, म्हातारीचे थोडे दिवस राहिलेत, कशाला दुखवायचं? तुला दोष देताना हा माझाही दोष मी धरून ठेवलाय.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस मी विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. लीना अंगणात खडूच्या रेघेच्या आत बसून शाळा-शाळा खेळत होती. तुझी निळी वही मांडीवर. ती तिला कुठे सापडली कोण जाणे, मला वाटलं होतं ती तुझ्याबरोबर पेटीत गेली. अगदी तुझ्यासारखी तिने नसलेल्या चष्म्याची काडी सरळ केली आणि हाक मारली. मार्टिन उभा राहिला. त्याचा आवाज मला त्याचा वाटला नाही. माझ्या हातून कळशी सुटली, पाय भिजले, आणि तरी मी त्यांना ओरडले नाही. ओरडून काय सांगणार होते?

त्या रात्री जेवताना मी अंतोनला सगळं सांगितलं. तू त्याला आडदांड म्हणायचीस, पण तो शहाणा माणूस आहे. जेवता जेवताच म्हणाला, "मी रोज बॉयलरपाशी हुबा ऱ्हातो. उद्या फुटंल म्हणून घरात बसू काय? दिवाळी झाली की पोरं शाळंत जातील. आणि ती वही मला घरात दिसाय नको."

वही मी फेकली नाही. पिठाच्या डब्यामागे लपवली.

अंतोनच्या साखर कारखान्याचा सीझन आता सुरू झालाय. बॉयलर पेटल्यापासून काजळी पडते, मुलांच्या पाट्यांवर येऊन बसते, पुसायला गेलं की काळा ओरखडा उठतो. भोंगा झाला की लीना कानांवर हात घेते, पूर्वी घेत नव्हती. रेघेच्या पलीकडे चेंडू गेला तर दोघंही तो आणायला जात नाहीत. उभं राहून नुसतं बघतात.

म्हणून शेवटी, दिवाळी झाल्यावर, मी गणवेश शिवायला गेले. मनात अजून नक्की नव्हतं. म्हटलं, शिवून तर ठेवू. गेले ती बिंदू चौकाजवळच्या आपल्या जुन्या गल्लीत, का ते विचारू नकोस. पाय तिकडे वळले. आपल्या खोलीच्या जागी आता सायकलचं दुकान आहे. शेजारचं शिंप्याचं दुकान मात्र तिथेच. मशिनवर एक चाळिशीचा माणूस आणि मागे पाटावर एक म्हातारी काजं करत बसलेली.

तिने माझ्याकडे वर बघितलं, सुई तशीच धरली आणि म्हणाली, "तू फिलोमिनाबाईची मोनिका न्हवं? हनुवटी तिचीच हाय की."

मुमताजमावशी, आई. तुझी शेजारीण. जिचं नाव तू आमच्यासमोर बावीस वर्षांत एकदाही काढलं नाहीस.

तिने मला आत बसवलं, चहा सांगितला. तू गेल्याचं ऐकून डोळे पुसले. मग विचारलं, रफिक आठवतो का? मला आठवत नव्हता. ती म्हणाली, तिचा धाकटा, जोसेफच्याच बाकावर बसायचा, दोघं एका ताटात जेवायचे. त्या तिघांतला दुसरा तो. मी म्हटलं, हो, त्या शाळेने तीन मुलं खाल्ली. तशी ती म्हणाली, शाळेनं न्हाय गं पोरी.

तिने जे सांगितलं ते मी इथे लिहिते. तुला ते नवं नाही, पण मी ते माझ्या हाताने लिहायला हवं. त्या फेब्रुवारीत जोसेफचा गळा दोन दिवस दुखत होता. संत ब्लेझचा सण आला. आपल्यात त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्यांचा क्रूस करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात, वर्षभर गळ्याला काही होऊ नये म्हणून. तू जोसेफला घेऊन गेलीस आणि रफिकलाही नेलंस, कारण तो जोसेफला सोडून राहायचा नाही, आणि मावशीही म्हणाली, आशीर्वाद कुणाचाही असो, मिळू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफचा आवाज बसला होता. मावशीने तुला दारात विचारलं, आज ठेवायचं का घरी दोघांना? तू म्हणालीस, काल फादरांनी मेणबत्त्या लावल्यात, आता काय व्हायचं नाही. दोघं एकच पाण्याची बाटली घेऊन शाळेत गेले.

सहाव्या दिवशी जोसेफ गेला. नवव्या दिवशी रफिक. तिसरा मुलगा त्यांच्या मागच्या बाकावरचा.

मावशीने काजाचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "तुझ्या आईला मी कधी दोष दिला न्हाय. तिनं मेणबत्त्यांवर इस्वास ठेवला, मी तिच्यावर ठेवला. पर ती माझ्या दारात आली न्हाय. महिन्याभरात घर सोडून बावड्याला गेली. मी वाट बघत बसले हुते."

मी तिथून घरी चालत आले. बस समोरून गेली ती दिसली नाही. किती राग आला तुझा, काय सांगू? बावड्याला आलो ते मोकळ्या हवेसाठी, असं तू सांगायचीस. आम्हाला शाळेत घातलं नाहीस ते आमच्या जिवासाठी. यादीत जोसेफचं नाव नाही, कारण तो देवदूत. आणि हे सगळं त्या एका सकाळसाठी! तुला शाळेची भीती नव्हतीच. शाळा सुटताना फाटकाशी ज्या बाया उभ्या राहतात, त्यांच्यात उभं राहायची भीती होती. तिथल्या प्रत्येक बाईत तुला मुमताजमावशी दिसली असती. त्या तिसऱ्या मुलाची आई दिसली असती. त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

आणि बेनीला तू त्यासाठी अंधारात घातलंस.

हे लिहिलं आणि आता रडू येतंय. कारण आज सकाळी मी काय केलं ते ऐक. मार्टिनने गळा दुखतोय म्हटलं आणि मी आधी ड्रॉवर उघडला. तुझ्या दोन मेणबत्त्या तिथे आहेत, त्याच सणाच्या, तू गेल्यापासून कापडात गुंडाळलेल्या. त्या काढल्या, क्रूस केला आणि माझ्या मुलाच्या गळ्याला लावल्या. तुझीच मुलगी ना मी! तो शहाण्यासारखा मान वर करून उभा होता. त्याच्या गळ्यातली शीर माझ्या बोटांखाली उडत होती आणि मला वाटलं, झालं, आता काही व्हायचं नाही. आई, मला ते खरोखर वाटलं. तुलाही असंच वाटलं असेल. इतकं निवांत वाटतं त्या क्षणी, की पुढचं काही करायला नकोसं होतं.

मग मेणबत्त्या खाली ठेवल्या, त्याला स्वेटर घातला, लीनाला कडेवर घेतलं आणि दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून बॅटरीने पाहिलं. लाली आहे म्हणाले. घटसर्पाचा पांढरा पडदा दिसत नाही, आज तरी नाही. उद्या सकाळ-संध्याकाळ दाखवा, तोवर वेगळा ठेवा, ताट-पेला वेगळा. मार्टिनची लसीची तिन्ही इंजेक्शनं झालीत म्हणून त्यांना फारशी काळजी वाटली नाही. मग लीनाचं कार्ड पाहिलं. तिचं तिसरं राहिलं होतं. ते का राहिलं, आठवतं तुला? दुसऱ्या इंजेक्शनला ताप भरला होता आणि तू म्हणालीस, कशाला पोरीला छळतेस. मी ऐकलं तुझं. आज ते देऊन आणलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आता मार्टिन आतल्या खोलीत झोपलाय. दर थोड्या वेळाने जाऊन त्याच्या श्वासाचा आवाज ऐकते. मघाशी जरा घरघरल्यासारखा वाटला. कदाचित मलाच तसा ऐकू आला असेल. बाहेर काजळी पडतेच आहे, वाळत घातलेल्या नव्या गणवेशावरही पडली. मावशीने बटणं स्वतः लावून दिली होती.

हे लिहीत असतानाच अंगणातून लीनाचा आवाज आला. वही तिला परत सापडलीये. "मार्टिन?" स्वतःच म्हणाली, तो आजारी आहे. "लीना? हजर." मग थांबली. मला कळलं ती का थांबली.

"जोसेफ?"

मार्टिन आत झोपलेला. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तिने परत हाक मारली, जरा मोठ्याने. आतून मार्टिनचं अंथरूण हललं. तो जागा झाला होता, त्या बसलेल्या गळ्याने ओ द्यायला उठतच होता. मी पेन टाकून दारात गेले आणि मीच म्हणाले, "गैरहजर."

लीनाने वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आजी तर रोज हजर लिहायची. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, जोसेफमामा मेला, बाळा. फार लहान होता, गळ्याचं दुखणं झालं आणि मेला. तुझी आजी त्याला फार शोधायची. बावीस वर्षांत आपल्या घरात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. तिने पेन्सिलीने त्याच्या नावापुढे काहीतरी गिरवलं आणि वही मिटून मला दिली.

आता ऐक, मी काय करणार आहे. उद्या डॉक्टर जे सांगतील ते मी लपवणार नाही. पडदा दिसला तर मार्टिनला इस्पितळात नेईन आणि सोमवारी शाळा उघडताच तिच्या फाटकाशी जाऊन उभी राहीन, प्रत्येक आईला सांगेन की माझ्या घरात आहे, तुमच्या मुलांचे गळे बघून घ्या. आणि दिसला नाही, तर डॉक्टर म्हणतील त्या दिवशी दोघांना शाळेत सोडीन. ती खडूची रेघ मी आत्ताच पाणी टाकून पुसली. घरी शिकवायचं ते संध्याकाळी शिकवीन, ट्रंक आडवी टाकून, तुझ्यासारखं, फक्त हजेरी न घेता. शुक्रवारी बेनीला बरोबर घेऊन मिस्साला जाईन, नाही म्हणाला तरी. आणि तिथून मुमताजमावशीच्या दारात जाईन, तुझ्या वतीने. रफिकसाठी प्रार्थना मागू का, हे तिलाच विचारीन.

यादीच्या तिसऱ्या रेघेवर मी नाव लिहिलंय, आई. तुझ्या नावाच्या अगदी खाली. आता तो तुला तिकडेच सापडेल, इकडे हाक मारू नकोस.

तुझी,
मोनिका